आवाजाची वाट कोणी लिहायची?

मोबाईलवर गाणे चालू असते. इअरफोनची पिन खाचेत बसली की स्पीकर गप्प होतो आणि आवाज कानात येऊ लागतो. पिन काढली की पुन्हा स्पीकर. ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात विचारण्यासारखे काही आहे असे वाटत नाही. पण एखादा चौकस विद्यार्थी विचारील : कोणत्या तारेच्या टोकाला इअरफोन आहे आणि कोणत्या तारेच्या टोकाला स्पीकर, हे फोनला कळते कसे?

कोणी म्हणेल, त्यात काय, फोनमधल्या प्रोग्रॅमला ते माहीत असते. उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. अँड्रॉइड फोनच्या मुळाशी लिनक्सचा गाभा असतो. त्याला 'कर्नल' म्हणतात. हाच लिनक्स टीव्हीत, घरच्या राउटरमध्ये, नोंदी घेणाऱ्या छोट्या यंत्रांत आणि महासंगणकांतही चालतो. प्रत्येक यंत्राची आतली जोडणी निराळी. एका यंत्रात ध्वनी हाताळणाऱ्या चिपच्या ज्या पायावर स्पीकर जोडलेला असतो, तीच चिप दुसऱ्या यंत्रात असली तरी तिच्या त्याच पायावर काहीच जोडलेले नसू शकते. मग ही माहिती कर्नलला कोण देते, आणि ती लिहून कोठे ठेवतात?

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांपुढचा हा जुना पेच आहे. एखादी गोष्ट 'माहिती' म्हणून प्रोग्रॅमच्या बाहेर लिहून ठेवायची, की 'कृती' म्हणून प्रोग्रॅममध्येच गुंफायची? आवाजाच्या जोडणीत हा पेच फार स्वच्छ दिसतो, म्हणून तेच उदाहरण आपण घेऊ.

शाळेतला अॅम्प्लिफायर

आधी आपल्या ओळखीचे काही पाहू. मुख्याध्यापकांच्या खोलीत अॅम्प्लिफायर असतो. त्याच्या मागच्या बाजूला खाचा असतात : माइक १, माइक २, स्पीकर १, २, ३. आत कोणती खाच कोणत्या भागाला जोडलेली आहे, हे तो बनवणाऱ्याला ठाऊक असते आणि ते देशभर सारखेच असते. मात्र 'स्पीकर २' मधून निघालेली तार वरच्या मजल्यावर जाते की मैदानावरच्या कर्ण्याकडे, हे त्या त्या शाळेवर अवलंबून. बहुधा वायरमनने ते एका कागदावर लिहून अॅम्प्लिफायरच्या अंगावर चिकटवलेले असते. आणि आजची सूचना फक्त दहावीच्या वर्गांत ऐकू जावी की सगळ्या शाळेत, हे ठरवणारी व्यक्ती तिसरीच, म्हणजे माइक हातात घेऊन बोलणारी.

माहितीचे तीन प्रकार आणि तिचे तीन मालक. उद्या अॅम्प्लिफायरच्या कारखानदाराने ठरवले की प्रत्येक शाळेची तारजोडणी आपल्या यंत्राच्या आतच पक्की करून द्यायची, तर काय होईल? त्याला प्रत्येक शाळेसाठी वेगळे यंत्र बनवावे लागेल, आणि शाळेने एक स्पीकर हलवला तरी यंत्र कारखान्यात परत पाठवावे लागेल. हास्यास्पद वाटते ना? लिनक्समध्ये बरीच वर्षे जवळजवळ हेच चालले होते.

चिपला स्वतःची ओळख सांगता येत नाही

मेजावरच्या संगणकात आपण यूएसबीचा माउस जोडतो तेव्हा तो माउस स्वतःच सांगतो, मी अमुक कंपनीचा, अमुक क्रमांकाचा. संगणक त्या ओळखीवरून योग्य 'ड्रायव्हर' शोधतो. ड्रायव्हर म्हणजे ते विशिष्ट उपकरण चालवण्याची रीत जाणणारा कर्नलचा भाग. फोनसारख्या छोट्या यंत्रांतली ध्वनीची चिप मात्र बहुधा 'आय-टू-सी' नावाच्या दोन तारांच्या साध्या वाहिनीवर बसलेली असते. या वाहिनीवर प्रत्येक चिपला एक पत्ता असतो. त्या पत्त्यावर हाक मारली तर चिप 'ओ' देते, पण आपले नाव सांगण्याची सक्तीची रीत तेथे नाही. हाक कोणत्या पत्त्यावर मारायची आणि तेथे कोण राहते, हे आधीच माहीत असावे लागते.

या चिपला 'कोडेक' म्हणतात. प्रोसेसरकडून आलेल्या आकड्यांचे ती विद्युतदाबात रूपांतर करते आणि माइककडून आलेल्या विद्युतदाबाचे आकडे करून परत पाठवते. उदाहरणादाखल एसजीटीएल ५००० ही चिप घेऊ. पूर्वीच्या फ्रीस्केल कंपनीची, आता एनएक्सपीची. तिच्या कामाच्या जागा मोजक्याच आहेत : हेडफोनसाठी 'एचपी आउट', बाहेरच्या अॅम्प्लिफायरसाठी 'लाइन आउट', माइकसाठी 'माइक इन', दुसऱ्या यंत्राकडून आवाज घेण्यासाठी 'लाइन इन', आणि माइकला लागणारा छोटा दाब पुरवणारी 'माइक बायस'. बोर्ड बनवणाऱ्याने यांपैकी कोणत्या जागा वापरल्या आणि कोणत्या तशाच सोडल्या, हे चिपकडे पाहून कळत नाही.

प्रत्येक बोर्डाची एक फाईल

लिनक्सचा जन्म १९९१ सालचा. सुरुवातीला तो मेजावरच्या संगणकांसाठीच होता. छोट्या यंत्रांत त्याचा वापर वाढला तेव्हा ध्वनीच्या ड्रायव्हरांची गत अशी होती की कोडेक चालवण्याची रीत आणि प्रोसेसर चालवण्याची रीत एकाच प्रोग्रॅममध्ये मिसळलेली असे. वुल्फसन कंपनीची डब्ल्यूएम ८७३१ ही एकच कोडेक चिप, पण चार निरनिराळ्या प्रोसेसरांसाठी तिचे चार निरनिराळे ड्रायव्हर होते. एकात चूक सापडून दुरुस्त झाली तरी उरलेल्या तिघांत ती तशीच राही.

२००७ मध्ये कर्नलमध्ये 'एसॉक' नावाची रचना आली आणि तिने या गोधडीची शिवण उसवली. तिने काम तिघांत वाटले : कोडेकचा ड्रायव्हर, प्रोसेसरच्या बाजूचा ड्रायव्हर, आणि या दोघांची त्या विशिष्ट बोर्डावर गाठ घालून देणारा तिसरा, ज्याला 'मशीन ड्रायव्हर' म्हणतात. पहिले दोन सगळ्या बोर्डांना समाईक. तिसरा मात्र बोर्डागणिक वेगळा. आपल्या उदाहरणात वायरमनच्या कागदाचे जे काम, ते या तिसऱ्याचे. फरक इतकाच की हा कागद 'सी' भाषेत लिहून कर्नलच्या पोटात घातलेला होता.

ही केवळ ध्वनीची कथा नव्हती. एआरएम जातीच्या प्रोसेसरांवर बनलेल्या प्रत्येक बोर्डासाठी कर्नलमध्ये एक एक फाईल होती : या पत्त्यावर अमुक चिप, या तारेवर अमुक दिवा. फायली शेकड्यांनी वाढत गेल्या. त्यांत नवा विचार काहीच नसे, तेच ते पुन्हा थोड्या फरकाने. मार्च २०११ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी या पसाऱ्याबद्दल जाहीरपणे आणि बऱ्याच कडक शब्दांत नाराजी व्यक्त केली. त्यानंतर एआरएमच्या मंडळींनी जो मार्ग धरला, तो मुळात नवा नव्हता.

झाड आणि त्याला बांधलेले दोरे

सन आणि अॅपल या कंपन्यांच्या जुन्या संगणकांत 'ओपन फर्मवेअर' नावाची सोय असे. १९९४ मध्ये तिचे प्रमाणक प्रसिद्ध झाले. संगणक सुरू होताना ती आपल्या अंगातल्या सर्व उपकरणांची एक वंशावळ तयार करून पुढच्या प्रोग्रॅमच्या हाती देई. हीच 'डिव्हाइस ट्री', आपण मराठीत उपकरणवृक्ष म्हणू. पॉवरपीसी प्रोसेसरांच्या लिनक्सने २००५ च्या सुमारास या वृक्षाचे एक सुटसुटीत, फाईलमध्ये मावणारे रूप स्वीकारले होते. एआरएमने तेच उचलले. डिसेंबर २०१२ मध्ये कर्नलची ३.७ ही आवृत्ती आली, तेव्हा वेगवेगळ्या कंपन्यांच्या एआरएम प्रोसेसरांवर एकच कर्नल चालवता येऊ लागले. बोर्ड बदलले तर आता कर्नल बदलायचे नाही, त्याच्या हाती दिलेला वृक्ष बदलायचा.

वृक्ष म्हणजे साधी मजकुराची फाईल. तिच्यात मुळापासून फांद्या फुटतात : प्रोसेसर, त्याच्यावरची आय-टू-सी वाहिनी, त्या वाहिनीवर अमुक पत्त्याची कोडेक. प्रत्येक फांदीला गुणधर्म असतात. त्यांतला महत्त्वाचा गुणधर्म म्हणजे 'कंपॅटिबल'. ही फांदी कोणत्या ड्रायव्हरच्या ओळखीची आहे, हे तो सांगतो. मजकुराचे पुढे एका आटोपशीर द्विमान फाईलमध्ये रूपांतर होते आणि यंत्र सुरू होताना ती कर्नलच्या हाती पडते.

आता एक बारीक गोष्ट. कोडेक चिप बहुधा आज्ञा घेते एका वाहिनीवरून, ध्वनीचे आकडे घेते दुसऱ्या वाहिनीवरून, घड्याळाचे ठोके घेते तिसरीकडून. झाडात तर प्रत्येक फांदीला खोड एकच. म्हणजे वृक्षाची रचना वास्तवाला पुरत नाही. म्हणून एका फांदीवरून दुसऱ्या फांदीला दोरा बांधावा तसे संदर्भ द्यावे लागतात. ध्वनीच्या बाबतीत इतके दोरे होतात की झाडापेक्षा कोळ्याचे जाळेच अधिक आठवावे.

ध्वनीची फांदी कशी दिसते ते पाहू. मूळ फाईल रोमन लिपीत असते. येथे ती नागरीत उतरवली आहे, आणि फक्त मार्गांचा भाग घेतला आहे :

ऑडिओ-राउटिंग =
"माइक इन", "माइक जॅक",
"माइक जॅक", "माइक बायस",
"हेडफोन जॅक", "एचपी आउट";

दोन दोन नावांच्या जोड्या आहेत. प्रत्येक जोडीत आधी आवाज जेथे पोचतो ते ठिकाण, नंतर तो जेथून निघतो ते. 'हेडफोन जॅककडे एचपी आउटमधून' असे वाचायचे. पहिल्यांदा पाहणारा हमखास उलटे वाचतो. गणितात आपण उत्तर डावीकडे आणि पदावली उजवीकडे लिहितो, तसेच हे, असे मुलांना सांगितले की लक्षात राहते.

ओळी लिहायच्याच कशाला?

येथे शंका येईल. तारा तर तांब्याच्या आहेत आणि त्या बोर्डावर पक्क्या आहेत. कर्नलला ठाऊक असो वा नसो, वीज तिच्या वाटेने जाणारच. मग हे लिहून ठेवण्याची गरज काय?

गरज आहे ती बॅटरीमुळे. कोडेकच्या आत अनेक लहान लहान भाग असतात : आकड्यांचा दाब करणारा, दाबाचे आकडे करणारा, हेडफोनचा अॅम्प्लिफायर, लाइनचा अॅम्प्लिफायर, माइकचा दाबपुरवठा, मार्ग बदलणारे स्विच. सगळे सतत चालू ठेवले तर बॅटरी उगाच खर्ची पडते. म्हणून लिनक्समध्ये एक व्यवस्था आहे. तिचे नाव 'डायनॅमिक ऑडिओ पॉवर मॅनेजमेंट', आणि तिची आद्याक्षरे जोडून अभियंते तिला 'डॅपम' म्हणतात. माझ्या मते ध्वनीच्या साऱ्या व्यवस्थेतली ही सर्वांत देखणी कल्पना आहे, आणि ती समजायला शालेय गणित पुरते.

कागदावर ठिपके काढा. प्रत्येक ठिपका म्हणजे एक भाग. ज्यांच्यामधून आवाज जातो ते ठिपके बाणांनी जोडा. काही ठिपके उगमाचे : माइक, किंवा चालू असलेले गाणे. काही शेवटाचे : हेडफोन, स्पीकर, किंवा चालू असलेले ध्वनिमुद्रण. आता नियम एकच. जो ठिपका एखाद्या जिवंत उगमापासून एखाद्या जिवंत शेवटापर्यंत जाणाऱ्या अखंड वाटेवर आहे, त्यालाच वीज द्यायची. बाकीच्यांची बंद. वाटेतला एखादा स्विच उघडला की वाट तुटते आणि त्या वाटेवरचे सगळे ठिपके विझतात. दुसरा स्विच लावला की दुसरी वाट उजळते. ड्रायव्हर लिहिणाऱ्याला 'हेडफोन लावला तर हे चालू कर, ते बंद कर' अशी लांबलचक यादी करावी लागत नाही. नकाशा दिला की पुरे, उरलेले डॅपम पाहते. चालू करण्याचा आणि बंद करण्याचा क्रमही तीच सांभाळते, नाहीतर हेडफोनमध्ये 'टक्' असा आवाज येतो. जुन्या रेडिओच्या बटणाशी तो ऐकल्याचे अनेकांना आठवत असेल.

आता कळेल की वरच्या तीन ओळी नुसत्या नोंदी नाहीत. त्या नकाशाचा चिपबाहेरचा तुकडा आहेत. चिपच्या आतला तुकडा कोडेकच्या ड्रायव्हरमध्ये असतो. दोन्ही तुकडे चिपच्या पायांशी जुळतात, जसे दोन जिल्ह्यांचे नकाशे हद्दीवरच्या गावांशी जुळावेत. आतल्या तुकड्यात मात्र जोड्या नसून त्रिके असतात : पोचण्याचे ठिकाण, मधला स्विच, निघण्याचे ठिकाण. एसजीटीएल ५००० मध्ये ध्वनिमुद्रणाकडे जाणाऱ्या वाटेवर एक निवडीचा स्विच आहे. तो 'माइक इन' कडे तरी असतो किंवा 'लाइन इन' कडे. बाहेर बोर्डावर साधी तार आहे, स्विच नाही, म्हणून तेथे दोनच नावे पुरतात.

एखादी ओळ राहून गेली तर? काही वर्षांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेत पावसाळी रात्री बेडकांचे आवाज नोंदवण्यासाठी एक छोटा बोर्ड आणला होता. ध्वनिमुद्रण सुरू होई, फाईल तयार होई, कुठेही चुकीची सूचना नाही. पण फाईलमध्ये नुसती खरखर. साधा मल्टिमीटर माइकच्या टोकांना लावला आणि उलगडा झाला : माइकला मिळणारा दाब शून्य. विक्रेत्याने दिलेल्या वृक्षात वरच्या तीन ओळींतली मधली ओळच नव्हती. कर्नलच्या दृष्टीने माइक जॅकपासून ध्वनिमुद्रणापर्यंतची वाट अखंड होती, त्यामुळे त्याने ती उजळली. माइकला आधी दाब लागतो, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते, म्हणून दाबपुरवठा बंदच राहिला. एक ओळ लिहिली आणि बेडूक बोलू लागले. नावात चूक असती तर कर्नलने नोंदवहीत तक्रार तरी लिहिली असती. न लिहिलेल्या ओळीबद्दल तो बिचारा काय तक्रार करणार!

उलट प्रकारही घडतो. 'लाइन आउट' ला बोर्डावर काहीच जोडलेले नाही, पण नकाशात त्याबद्दल चकार शब्द नाही. तेव्हा डॅपम सावधपणे धरून चालते की तेथे कदाचित काही असेल, आणि गाणे लागले की लाइनच्या अॅम्प्लिफायरलाही वीज देते. आवाज ठीक येतो, बॅटरी मात्र विनाकारण झिजते. हे टाळायचे तर 'दिलेला नकाशा पूर्ण आहे, ज्याचा उल्लेख नाही ते जोडलेलेच नाही' असे स्पष्ट सांगावे लागते. त्याचीही सोय आहे.

कोणते कोठे

मग सगळेच वृक्षात का लिहू नये? हा मोह अनेकांना होतो आणि त्यावरून अभियंत्यांमध्ये खडाजंगीही होते. माझ्या मते कसोटी सोपी आहे : माहिती कोणाची, ते विचारा. चिपच्या आतली रचना त्या जातीच्या प्रत्येक चिपमध्ये सारखीच असते. ती प्रत्येक बोर्डाच्या वृक्षात पुन्हा पुन्हा लिहिणे म्हणजे जुनाच पसारा नव्या जागी मांडणे. तिची जागा ड्रायव्हरमध्ये. चिपच्या पायापासून जॅकपर्यंतची तार बोर्डाची, म्हणून ती वृक्षात. आणि आवाज आत्ता स्पीकरवर हवा की हेडफोनवर, किती मोठा हवा, ही वापरणाऱ्याची इच्छा. ती ड्रायव्हरमध्येही नको आणि वृक्षातही नको. तिच्यासाठी कर्नलच्या बाहेर वेगळे प्रोग्रॅम असतात. हेडफोनची पिन बसली हे ज्या पायावर कळते, तो पाय वृक्षात नोंदवायचा. पिन बसल्यावर काय करायचे, ते नाही.

वृक्ष हा लिनक्सच्या खाजगी मालकीचा नाही, हे या मताच्या बाजूचे आणखी एक कारण. यंत्र सुरू करणारा यू-बूट, फ्रीबीएसडी ही दुसरी संगणकप्रणाली, आणि अगदी छोट्या यंत्रांसाठीची झेफिर, हे सगळे उपकरणवृक्ष वाचतात. त्यात बोर्डाबद्दलची तथ्ये असतील तर ती सर्वांच्या उपयोगाची. लिनक्सच्या आजच्या सोयीच्या सूचना असतील तर इतरांना त्यांचे काय?

शिवाय कराराचा मुद्दा आहे. वृक्षाची फाईल अनेकदा कारखान्यातच यंत्रात भरली जाते आणि वर्षानुवर्षे बदलत नाही. कर्नल मात्र नवे येत राहते. म्हणून जुना वृक्ष नव्या कर्नलला समजला पाहिजे, असा दंडक पाळण्याचा प्रयत्न होतो. येथे मार्गजोडणीचे एक दुखणे उघडे पडते. "एचपी आउट" हे नाव वृक्षात लिहिले जाते, पण ते नाव कोडेकच्या ड्रायव्हरमध्ये जसे असेल तसेच्या तसे लागते. उद्या ड्रायव्हरच्या लेखकाला ते बदलावेसे वाटले तर जुने सगळे वृक्ष मुके होतील. यावर त्यातल्या त्यात बरा तोडगा म्हणजे चिपच्या माहितीपत्रकात पायाला जे नाव छापले आहे, तेच वापरायचे. ते कागदावर छापलेले असते आणि कोणाच्या लहरीवर बदलत नाही.

काही कामे अशीही आहेत की ती ड्रायव्हरमधून काढताच येत नाहीत. कोडेकला ठोके पुरवणाऱ्या घड्याळाचे पाहा. सीडीवरचे संगीत सेकंदाला ४४,१०० नमुन्यांचे असते, तर चित्रपट व चलत्चित्रणात ४८,००० नमुन्यांची रीत आहे. अनेक कोडेकांना याच्या २५६ पट वेगाचे ठोके लागतात. म्हणजे एकासाठी सेकंदाला १,१२,८९,६०० आणि दुसऱ्यासाठी १,२२,८८,०००. या दोन संख्यांचे गुणोत्तर काढायला मुलांना सांगावे. ते १४७ : १६० येते, आणखी लहान होत नाही. त्यामुळे एकाच स्फटिकाच्या ठोक्यांना सरळ भागून दोन्ही मिळवणे व्यवहारात जमत नाही. एक तर दोन स्फटिक ठेवावे लागतात किंवा वारंवारता बदलणारा परिपथ वापरावा लागतो. बोर्डावर कोणता स्फटिक आहे, ही झाली माहिती, ती वृक्षात. आत्ता लागलेल्या गाण्यासाठी कोणते ठोके निवडायचे आणि परिपथाला कोणते गुणक द्यायचे, हा झाला हिशेब. हिशेब प्रोग्रॅमनेच करायचा असतो. वृक्षात 'जर-तर' लिहिण्याची सोय नाही, आणि नाही हेच चांगले आहे. ती केली की वृक्षाची एक नवी, अर्धवट प्रोग्रॅमिंगची भाषा होऊन बसेल.

म्हणून आज स्थिती मिश्र आहे. ज्या बोर्डांची जोडणी सरळ आहे, त्यांच्यासाठी कर्नलमध्ये एक सर्वसाधारण मशीन ड्रायव्हर आहे. 'सिंपल ऑडिओ कार्ड' हे त्याचे नाव. तो सगळे वृक्षातून वाचतो, आणि अशा बोर्डासाठी 'सी' भाषेची एक ओळही लिहावी लागत नाही. गुंतागुंतीच्या बोर्डांना अजूनही स्वतंत्र मशीन ड्रायव्हर लागतो. कोणी याला अपुरे यश म्हणेल. मला ते योग्य वाटते.

कागद चुकीचा असला तर

वृक्षाची बाजू घेणाऱ्यांनी मेजावरच्या संगणकाचा अनुभवही पाहावा. इंटेलने २००४ मध्ये 'एचडी ऑडिओ' हे प्रमाणक आणले. त्यात कोडेक आपली आतली रचना स्वतःच सांगते. बाहेरच्या जोडणीसाठी प्रत्येक पायामागे ३२ बिटांची एक नोंद असते. ती संगणक बनवणाऱ्याने भरायची : या पायावर हेडफोन आहे की माइक, खाच पुढे आहे की मागे, तिचा रंग हिरवा की गुलाबी, इतकी बारकाई. वायरमनचा आदर्श कागदच म्हणा ना. पण अनेक कारखानदार ती नोंद निष्काळजीपणे भरतात किंवा जुन्या मॉडेलची तशीच उचलतात. परिणामी लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये 'अमुक लॅपटॉप असेल तर त्याच्या नोंदीवर विश्वास ठेवू नका, त्याऐवजी हे धरा' अशा दुरुस्त्यांच्या याद्या साचल्या आहेत आणि दर आवृत्तीत त्या लांबतच जातात. बाहेर ठेवलेली माहिती खोटी निघाली की ती मागच्या दाराने पुन्हा प्रोग्रॅममध्ये शिरते. उपकरणवृक्षाच्या बाबतीत निदान एक जमेची बाजू आहे. अनेक वृक्षांचा मूळ मजकूर कर्नलबरोबरच उघडा ठेवलेला असतो. तो कोणालाही वाचता येतो, दुरुस्त करता येतो, आणि त्याची रचना नियमांना धरून आहे की नाही हे आता यंत्राकडूनही तपासले जाते.

आणि चुकीच्या वाटेची किंमत दर वेळी खरखरीएवढीच नसते. २०१२ मध्ये आलेल्या सॅमसंगच्या एआरएम क्रोमबुकवर काही हौशी मंडळींनी दुसऱ्या प्रकारचे लिनक्स चढवले आणि ध्वनीच्या पटलावरचे सगळे स्विच एकदम लावून पाहिले. नको त्या वाटा एकत्र आल्या आणि स्पीकर तापून खराब झाल्याच्या तक्रारी आल्या. कोणत्या वाटा शक्य आहेत, हे नकाशा सांगतो. कोणत्या सुरक्षित आहेत, हे त्यात आपोआप येत नाही.

शाळेत रास्पबेरी पाय हा छोटा संगणक असेल तर हे सगळे डोळ्यांनी पाहता येते. त्यावर चालणाऱ्या लिनक्समध्ये 'प्रॉक' या फोल्डरात 'डिव्हाइस-ट्री' नावाचा विभाग असतो. त्यात शिरले की सध्या हाती आलेला वृक्ष फांद्याफांद्यांनी उघडत जातो. प्रत्येक फांदी म्हणजे एक फोल्डर, प्रत्येक गुणधर्म म्हणजे एक छोटी फाईल. 'कंपॅटिबल' ही फाईल उघडून त्यातली नावे मुलांनी वहीत उतरवावीत आणि बोर्डावरच्या चिपांवर छापलेली नावे भिंगातून पाहून त्यांच्याशी ताडून पाहावीत. जी चिप बोर्डावर आहे पण वृक्षात सापडत नाही, तिच्याबद्दल वर्गात चांगली चर्चा होऊ शकते.

रास्पबेरी पायवर बसवायच्या जोडबोर्डांसाठी २०१४ मध्ये एक ठरावीक पद्धत आखण्यात आली. तिच्यानुसार जोडबोर्डावर एक लहानशी स्मरणचिप असते आणि त्या बोर्डाच्या वाट्याची वृक्षाची फांदी तिच्यातच साठवलेली असते. ध्वनीचा असा बोर्ड वर बसवून संगणक सुरू केला की ती फांदी मूळ वृक्षावर कलम केल्यासारखी जोडली जाते. संगणक नसेल तर शाळेचा अॅम्प्लिफायर आहेच. त्याच्या मागच्या तारा हाताने तपासून, प्रत्येक तारेची दोन टोके 'आधी पोचण्याचे ठिकाण, मग निघण्याचे' या रीतीने लिहून मुलांनी यादी करावी, आणि ती वायरमनच्या कागदाशी जुळते का ते पाहावे.